ब्रेक कमी लागतोय, पण नेमका कुठे?

जुन्या गाडीचे ब्रेक कमी झालेत, हे सगळ्यांत शेवटी कळतं ते तिच्या मालकाला. घरात कार्य असतं, मावसभाऊ किल्ली मागून घेतो, नाक्यापर्यंत जाऊन येतो आणि दारातूनच ओरडतो, "अरे दादा, हिचा ब्रेक लागतोय कुठे?" दादाला ते पटत नाही. तो रोज याच गाडीने कामावर जातो, कालच सिग्नलला व्यवस्थित थांबला होता. दोघंही खरं बोलत असतात. ब्रेक एका रात्रीत क्वचितच जातात. ते हळूहळू उतरत जातात आणि तेवढ्याच हळूहळू मालकाचा पाय स्वतःला जुळवून घेतो. तो थोडा आधी दाबतो, थोडा जोरात दाबतो, पुढच्या गाडीपासून नकळत दोन हात जास्त अंतर ठेवतो. पाहुण्याच्या पायाला ही सवय नसते, म्हणून पहिल्याच वळणावर त्याच्या पोटात गोळा येतो.

रोजच्या रस्त्यावर ही सवय निभावून नेते. थांब्यावरच्या एसटीमागून शाळकरी पोर अचानक रस्त्यावर आलं, की मात्र तिचा काही उपयोग होत नाही. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त. कोरडा डांबरी रस्ता, बरे टायर आणि धड ब्रेक असलेली गाडी या वेगातून, पाय ब्रेकवर पडल्यापासून साधारण २० मीटरमध्ये थांबते. ब्रेकचा जोर निम्म्याहून थोडाच जास्त उरला असेल, तर तीच गाडी ३५ मीटर घेते. हा १५ मीटरचा फरक कागदावर लहान दिसतो. पण ज्या जागी चांगली गाडी पूर्ण थांबली, त्याच जागेवरून कमी ब्रेकची गाडी अजून ताशी ३९ किलोमीटरच्या वेगाने जात असते. पाय उशिरा पडला तर वाया जाणारं अंतर आणखी वेगळं.

अशी तक्रार आली की सर्वसाधारण उपाय एकच सुचतो: पॅड बदला. पॅड बदलले जातात, पैसे जातात आणि ब्रेक जवळपास होते तिथेच राहतात. याचं कारण साधं आहे. गाडी थांबवायला तीन गोष्टी लागतात. पायाचा दाब चाकापर्यंत पोचायला हवा, त्या दाबाला जोर वाढवणाऱ्या बूस्टरची मदत मिळायला हवी आणि चाकापाशी घर्षण व्हायला हवं. पॅड ही फक्त तिसरी बाजू. पहिल्या दोन बाजूंत खोट असेल तर जगातला सर्वांत महाग पॅडही काही करू शकत नाही. नेमकी कुठली बाजू ढासळली आहे, हे बहुतेक वेळा चाक न खोलताही कळतं, कारण त्याची खबर पायाखालचं पेडल देत असतं.

पेडलची भाषा समजायची तर दाबाचा प्रवास आधी पाहायला हवा. चालक पायाने २० किलोचा जोर देतो असं धरू. पेडल ही तरफ आहे. ती हा जोर पाचपट करते असं मानलं, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १०० किलो येतात. हा दट्ट्या १९ मिलिमीटर व्यासाचा असेल, तर आतल्या द्रवात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३५ किलोचा दाब तयार होतो. टायरमधल्या हवेचा दाब दोन किलोच्या आसपास असतो, त्यावरून या आकड्याचा अंदाज यावा. हाच दाब बारीक नळ्यांतून चारही चाकांकडे जातो आणि पुढच्या चाकांवरच्या, पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरमधल्या ५० मिलिमीटरच्या दट्ट्यावर पडतो, तेव्हा तिथे सुमारे ६९० किलोचा जोर उमटतो. कोंडलेल्या द्रवातला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल यांनी मांडलेला नियम इथे रोज कामाला येतो. मोटारीत तो आणला माल्कम लॉकहीड या अमेरिकी तंत्रज्ञाने. त्याने १९१७ साली हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट घेतलं आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीत तो चारही चाकांना बसला.

जोर वाढतो त्याची किंमत अंतरात मोजावी लागते. पेडल बरंच खाली जातं तेव्हा पॅड जेमतेम केसभर सरकतो. म्हणून या नळ्यांत हवेचा एक छोटा बुडबुडा जरी अडकला, तरी पेडलचा बराचसा प्रवास तो बुडबुडा दाबण्यातच संपतो. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. पेडल मग ओल्या स्पंजवर पाय ठेवल्यासारखं लागतं. गॅरेजमध्ये याला 'स्पंजी पेडल' म्हणतात आणि उपाय असतो हवा काढण्याचा.

इथे पेडलच्या एका लकबीकडे लक्ष द्यायला हवं. पहिल्यांदा दाबलं तर खोल जातं, पण लागोपाठ दोन-तीनदा पाय मारला की वर येतं आणि घट्ट लागतं. "पंपिंग केलं की लागतो," असं लोक सांगतात आणि तसंच वर्षानुवर्षं चालवतात. यामागे दोन वेगळी कारणं असू शकतात. वर आलेलं पेडल तरीही मऊ वाटत असेल तर हवा आहे. वर आल्यावर ते दगडासारखं टणक वाटत असेल, तर हवा नाही. मागच्या चाकांच्या ड्रममधले, ड्रमला आतून घासणारे शू झिजून ड्रमपासून लांब गेलेत आणि त्यांना गाठेपर्यंत पहिला पाय वाया जातो आहे.

याची खात्री करायला एक सोपी युक्ती आहे. गाडी सपाट जागी, चाकांना दगड लावून उभी करावी. पेडल एकदा दाबून ते किती खोल जातं ते लक्षात ठेवावं. मग हँडब्रेक दोन-चार दाते वर ओढावा आणि पुन्हा पेडल दाबावं. आता ते लक्षात येण्याइतकं वर लागलं, तर दोष मागच्या शूंच्या अंतरात आहे, कारण हँडब्रेकने केबल ओढून तेच शू ड्रमजवळ आणले. काहीच फरक पडला नाही, तर शोध दुसरीकडे घ्यावा. या तपासणीला पैसा लागत नाही, पाना लागत नाही, दोन मिनिटं पुरतात. तरीही ती फारशी कुणी करत नाही.

मारुती ८०० सारख्या गाड्यांत पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. थांबवण्याचं बहुतेक काम पुढची चाकं करतात, कारण ब्रेक लागताच गाडीचं वजन पुढे झुकतं. त्यामुळे मागच्या ड्रमकडे दुर्लक्ष होतं. पुढचे पॅड दर काही हजार किलोमीटरला पाहिले जातात, मागचा ड्रम मात्र हँडब्रेक लागेनासा होईपर्यंत उघडला जात नाही. आत झीज भरून काढणारी आपोआप सेट होणारी यंत्रणा असते. तिचे दाते आणि स्प्रिंग धुळीने, गंजाने जाम होतात आणि ती काम सोडून देते. मग दर महिन्याला पेडल थोडं खाली जातं.

ड्रम काढलाच तर व्हील सिलिंडर जवळून पाहावा. करंगळीपेक्षा थोडा जाड, आडवा सिलिंडर, दोन्ही टोकांना रबरी टोप्या. त्या टोपीची कड नखाने अलगद उचलली, की आतली गोष्ट कळते. आत कोरडं असेल तर सगळं ठीक. जरासा ओलसरपणा असेल तर लक्ष ठेवावं. पण थेंब बाहेर आला, तर आतला रबरी वॉशर गेला आहे आणि लवकरच तो द्रव शूवरच्या लायनरवर उतरणार आहे किंवा उतरलाही आहे. असं लायनर हाताला चिकट लागतं, त्यावरची काळी पूड गोळा होऊन लोण्यासारखी झालेली असते. ते पेट्रोलने धुवून, पॉलिश पेपर मारून परत बसवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. ती चुकीची आहे. लायनर सच्छिद्र असतं, आत मुरलेला द्रव गरम होताच पुन्हा वर येतो. असे शू फेकून द्यावेत, आणि एका चाकाचे नव्हे, दोन्ही बाजूंचे. ड्रममधली पूड तोंडाने फुंकू नये, कंप्रेसरने उडवूही नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचा आणि तो फुप्फुसात गेला की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसून घ्यावं.

ड्रम ब्रेकची एक खासियत अशी, की थोड्याशा दोषानेही तो फार बिघडतो. चाक फिरताना दोन शूंपैकी एक शू ड्रमसोबत ओढला जातो आणि स्वतःहूनच अधिक घट्ट रुतत जातो. त्यामुळे कमी दाबात जास्त जोर मिळतो. फियाट ११०० पासून प्रीमियर पद्मिनीपर्यंतच्या कुर्ल्यात तयार झालेल्या गाड्या चारही ड्रमवर चालत, त्या याच गुणाच्या आधारावर. पण हाच गुण घर्षणातला लहान फरक मोठा करून दाखवतो. एका ड्रममध्ये पावसाचं पाणी किंवा तेलाचा थेंब गेला, की ब्रेक मारताच स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीच्या चालकांना पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून बाहेर पडल्यावर काही अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून गाडी चालवायची सवय होती. त्या उष्णतेने लायनर सुकत. नियमाप्रमाणे वीस वर्षं पूर्ण झाल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. खासगी हातांत मात्र अजून अनेक पद्मिनी आहेत, आणि त्यांचे ब्रेक दर काही महिन्यांनी हाताने सेट करून घ्यावेच लागतात.

पेडल खोलही जात नाही, मऊही लागत नाही, उलट लाकडासारखं घट्ट आहे, पण गाडी थांबत नाही. ही तक्रार वेगळी, आणि बहुतेकदा तिचं मूळ बूस्टरमध्ये असतं. बेल्जियमच्या आल्बेर देवांद्र यांनी १९२७ मध्ये विकसित केलेली ही पद्धत इंजिनाच्या श्वासावर चालते. पेट्रोल इंजिन हवा आत ओढतं तेव्हा इनटेक मॅनिफोल्डमध्ये पोकळी तयार होते. ती जाड नळीने पेडलच्या पुढच्या काळ्या डब्यात पोचवलेली असते. डब्यात रबरी पडदा आहे. पेडल दाबताच पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा सोडली जाते, दुसऱ्या बाजूला पोकळी असते. वातावरणाचा दाब पडदा पुढे ढकलतो आणि पायाला साथ मिळते. डिझेल गाड्यांत ही पोकळी तयार करायला सहसा स्वतंत्र पंप असतो.

बूस्टर जिवंत आहे की नाही, हे अर्ध्या मिनिटात तपासता येतं. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावं, म्हणजे साठलेली पोकळी संपते आणि पेडल घट्ट होतं. आता पाय पेडलवर तसाच दाबून धरावा आणि इंजिन सुरू करावं. इंजिन लागताक्षणी पेडल पायाखाली थोडं आत गेलं, तर बूस्टर काम करतो आहे. अजिबात हललं नाही, तर बूस्टर, त्याची नळी किंवा नळीतला एकदिशा व्हॉल्व्ह यांपैकी एक गेला आहे. दुसरी खूण कानाला कळते. पेडल दाबलं की डॅशबोर्डखालून सूं आवाज येतो आणि उभ्या गाडीचं इंजिन अडखळतं. याचा अर्थ पडदा फाटलाय आणि तिथून इंजिनात जास्तीची हवा शिरते आहे. कित्येकदा बूस्टर चांगला असतो, पण वीस वर्षांची रबरी नळी चिरलेली असते. काहीशे रुपयांची ती नळी आधी पाहावी, बूस्टरला मग हात घालावा.

सगळ्यांत धोक्याचं पेडल वेगळंच आहे. सिग्नलला उभं असताना त्यावर हलका दाब ठेवला, की ते सावकाश, न थांबता खाली खाली बसत जातं. एकतर कुठेतरी गळती आहे, किंवा मास्टर सिलिंडरच्या आतले रबरी कप झिजलेत आणि द्रव दट्ट्याला वळसा घालून मागे येतो आहे. दुसऱ्या प्रकारात बाहेर एक थेंबही दिसत नाही, ब्रेकच्या द्रवाच्या बाटलीतली पातळीही कमी होत नाही. म्हणून मालक निश्चिंत असतो. जोरात ब्रेक मारला की कप एकदम फुगून घट्ट बसतात आणि ब्रेक लागतोही. हलक्या पायाने दाबलं तरच दोष दिसतो. त्यामुळे पेडल तपासताना मिनिटभर हलकाच पाय ठेवून बघावा.

आणखी एक फसवी गळती असते. बाटलीतला द्रव महिन्या-दोन महिन्यांत कमी होतो, पण चारही चाकं कोरडी, खालच्या नळ्या कोरड्या. अशा वेळी मास्टर सिलिंडर आणि बूस्टर यांच्या जोडावर बोट फिरवावं. मास्टर सिलिंडरचा मागचा सील गेला तर द्रव बूस्टरच्या डब्यात झिरपतो, तिथून पोकळीबरोबर इंजिनात ओढला जातो आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर होऊन निघून जातो. द्रव कुठे जातो, हे कोडं अशा रीतीने सुटतं. पॅड झिजतात तशी पातळी थोडी उतरणं मात्र स्वाभाविक आहे, कारण कॅलिपरचे दट्ट्ये बाहेर सरकून तिथे जास्त द्रव मावतो. म्हणून पातळी उतरली की लगेच भरू नये, आधी पॅड पाहावेत.

'ब्रेक ऑइल' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे, पण आपल्याकडच्या बहुतेक सगळ्या गाड्यांतला हा द्रव तेल नसून ग्लायकॉल गटातलं रसायन असतं. या शब्दामुळे खरोखर नुकसान होतं. अडचणीच्या वेळी बाटलीत इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल ओतलं जातं. खनिज तेल लागलं की ब्रेकमधले सगळे रबरी कप, वॉशर, नळ्या फुगतात. मग फक्त द्रव बदलून भागत नाही, मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंतचं प्रत्येक रबर बदलावं लागतं.

या रसायनाचा दुसरा गुण म्हणजे ते हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ३ दर्जाचा ताजा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतो, डॉट ४ दर्जाचा २३० ला. वजनाच्या सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरलं की हे आकडे अनुक्रमे १४० आणि १५५ पर्यंत उतरू शकतात. कोकणासारख्या दमट हवेत हे पाणी लवकर मुरतं. दर दोन वर्षांनी द्रव बदलावा असं बहुतेक उत्पादक सांगतात, ते एवढ्यासाठीच. फोडून अर्धी वापरलेली डबी पुढच्या वर्षासाठी ठेवून देणंही म्हणूनच चुकीचं.

शहरात १४० अंशांचा प्रश्न येत नाही. घाटात येतो. ब्रेक म्हणजे अखेर वेगाची उष्णता करणारं यंत्र. माणसांसकट एक टनाची गाडी ताशी ८० वरून थांबवली, तर जी उष्णता निर्माण होते त्यात साधारण पाऊण लिटर पाणी घरच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल, आणि हे तीन-साडेतीन सेकंदांत. आता पाचगणीहून पसरणी घाट उतरून वाईला येणारी हीच गाडी पाहावी. उंचीतला फरक साडेपाचशे मीटरहून जास्त. तेवढं उतरताना जी ऊर्जा जिरवावी लागते, ती ८० च्या वेगातून वीस-बावीस वेळा थांबण्याएवढी असते. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर यातला मोठा वाटा इंजिन उचलतं. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचवत उतरणाऱ्या गाडीत जवळपास सगळा भार डिस्क आणि ड्रमवर पडतो.

तापलेल्या ब्रेकचं कमी होणं दोन तऱ्हांचं असतं. पेडल घट्ट, नेहमीच्या उंचीला, पण गाडी थांबत नाही, जळका वास येतो. हे पॅडचं घर्षण उतरणं. त्यातलं चिकटद्रव्य जळून त्याचा वायू पॅड आणि डिस्कमध्ये येतो. गार झालं की बहुतेक जोर परत येतो, पण पॅडचा पृष्ठभाग चकचकीत, आरशासारखा झालेला राहतो. दुसरी तऱ्हा अधिक भयानक: पेडल एकाएकी थेट तळाला जातं. कॅलिपरमधला जुना, पाणी मुरलेला द्रव उकळला, त्याची वाफ झाली, आणि वाफ दाबली जाते. घाटाच्या पायथ्याशी अर्धा तास थांबलं की वाफेचं पुन्हा द्रव होतं आणि पेडल जणू काही झालंच नाही असं वर येतं. मेकॅनिककडे पोचेपर्यंत गाडीत काहीच दोष सापडत नाही. "घाटात गेला होता, आता लागतोय" ही तक्रार ऐकली, की पहिला संशय द्रवाच्या वयावर घ्यावा.

ड्रम तापून पसरतो तेव्हा शूपासून दूर जातो, डिस्क तापून जाड होते तेव्हा पॅडकडे येते. शिवाय डिस्क उघड्या हवेत असते. हा फरक शर्यतींत ठळक दिसला. १९५३ च्या ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेकच्या जग्वार सी टाइप गाडीने टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांच्या हाती ताशी १०० मैलांहून जास्त सरासरी वेगाने पहिला क्रमांक पटकावला. दोनच वर्षांनी मर्सिडीजने त्याच शर्यतीत ड्रमच्या मदतीला गाडीच्या पाठीवर उभं राहणारं हवा अडवणारं झाकण लावलं होतं. इतका त्या उष्णतेचा प्रश्न कठीण होता.

उभ्या राहणाऱ्या गाडीचे आजार वेगळे. रत्नागिरी, मालवण, पणजीकडे खारी हवा, चार महिने पाऊस, आणि मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाची गाडी गावच्या घराच्या पडवीत. सहा महिन्यांनी ती बाहेर काढली जाते. कॅलिपरचा दट्ट्या गंजून अडकलेला असतो, कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या सुकून जाम झालेल्या असतात. सरकणाऱ्या कॅलिपरमध्ये पिना अडकल्या की दोनपैकी एकच पॅड घासतो. चाक काढून दोन्ही पॅडची जाडी पाहिली तर एक संपत आलेला, दुसरा जवळपास नवा दिसतो. अशा वेळी पॅडची जोडी बदलून काहीच साधत नाही. पिना काढून, साफ करून, रबराला चालणारं खास ग्रीस लावून बसवाव्या लागतात. आणि अशी गाडी ठेवून जाताना हँडब्रेक ओढून ठेवू नये, नाहीतर शू ड्रमला गंजून चिकटतात. गिअरमध्ये टाकून चाकांना दगड लावावेत.

कुठलं चाक काम करत नाही हे शोधायला आणखी एक सोपी परीक्षा आहे. मोकळ्या रस्त्यावर चार-पाच किलोमीटर चालवून, मधेमधे ब्रेक मारून गाडी थांबवावी आणि प्रत्येक चाकाच्या रिमजवळ, हात न लावता, तळहात धरावा. ज्याच्याकडे दुरून तापमान मोजणारं यंत्र आहे त्याने डिस्कवर ते रोखावं. डावं आणि उजवं चाक सारखं गरम हवं. एक गार असेल तर त्याचा ब्रेक लागत नाही. एक फार गरम असेल तर त्याचा सुटत नाही, आणि त्यात बऱ्याचदा दोष रबरी नळीचा निघतो. बाहेरून ती चांगली दिसते, पण आतला थर सुटून झडपेसारखा झालेला असतो. दाब पुढे जातो, परत येत नाही.

दुरुस्तीतली एक चूक मात्र जुन्या गाडीत नवा बिघाड आणते. हवा काढताना मदतनीस पेडल तळापर्यंत दाबत राहतो. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचे कप ठरावीक अर्ध्या भागातच फिरतात. त्यापुढच्या भागात वर्षानुवर्षांचा गंज आणि गाळ साठलेला असतो. कप पहिल्यांदाच तिथवर ढकलले, की त्यांची कड फाटते आणि सकाळी स्पंजी असलेलं पेडल संध्याकाळी बसू लागतं. पेडलखाली जाडशी लाकडी फळी ठेवली की हा प्रवास मर्यादेत राहतो. चांगले जुने मेकॅनिक हे न सांगता करतात.

नवे पॅड किंवा शू बसवल्यावर पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जोर कमीच वाटतो. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना जुळायला तेवढा वेळ लागतो. या काळात मध्यम वेगातून बेताने थांबत जावं आणि लांब घाट टाळावा. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, त्याखाली गेलेली डिस्क लेथवर फिरवून परत वापरू नये.

पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते, त्या वेळी तपासणी होते. मधल्या पाच वर्षांत तपासायचं ते मालकानेच. त्यासाठी वर्षातून एकदा गाडी अशा माणसाच्या हाती द्या जो ती रोज चालवत नाही, आणि तो काय म्हणतो ते वाद न घालता ऐका. आणि पेडल एकदा जरी तळाला गेलं असेल, तरी "सावकाश नेतो" म्हणून ती गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नका. मेकॅनिकला घरी बोलवा, नाहीतर गाडी टो करून न्या.